सत्यवती बिझनेस पार्कच्या तळघरातला पंप

मित्रांनो, फार जवळ येऊ नका, माझ्या अंगाला वास येतो. मी एक जुना पाण्याचा पंप आहे. सध्या कळंबोलीला भंगाराच्या एका वखारीत, मोडक्या कूलरच्या आणि गंजलेल्या शटरच्या मध्ये आडवा पडलो आहे. इथल्या भंगारवाल्याने माझं झाकण एकदाच उघडलं आणि लगेच पुन्हा घट्ट लावून टाकलं. सडकं लोखंड रोज हाताळणारा माणूस तो, पण माझ्या पोटात साचलेलं त्याच्याने बघवलं नाही. ते तिथे कसं आलं, तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. बिडाचं जाड अंग, आत पितळी पंखा, बाहेरून हिरवा रंग आणि जोडीला डिझेलचं इंजिन. चाळीस वर्षांपूर्वी शिवा नावाच्या एका तरुण माणसाने मला पनवेलच्या बाजारातून विकत घेतलं आणि टेंपोत घालून खाडीवर नेलं. पनवेल आणि उरणच्या मधल्या खाडीला लागून त्याचं मिठागर होतं. भरतीचं पाणी एका मोठ्या खड्ड्यात साठायचं, मी ते उचलून वरच्या वाफ्यांत सोडायचो आणि पुढचं काम ऊन करायचं.

शिवा पाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ होता. पंप चालू करण्याआधी त्याच्या पोटात थोडं पाणी भरावं लागतं. शिवा त्यासाठी घरून कळशीभर गोडं पाणी आणायचा. काम संपलं की पुन्हा गोड्या पाण्याने मला आतून धुवायचा, कारण खारं पाणी लोखंड खातं. वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून तो ते जिभेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "अजून चार दिवस." बरोबर चार दिवसांनी मीठ धरायचं.

त्याची बायको सत्यवती मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहायची. एकदा ती हसून म्हणाली, "अवो, पंपाला न्हाऊ घालताय तेवढं सवताकडं पन बघा."

"याच्या पोटात घाण रायली तर मीठ काळं येल," शिवा म्हणाला. "लोकांनी खायाचं हाय ते."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. मला वाटायचं, मी असाच खाडीवर म्हातारा होईन.

मग मिठागराची जमीन सरकारी प्रकल्पात गेली. बदल्यात शिवाला रोडपालीला एक भूखंड मिळाला. गावातल्या पुष्कळांनी आपापले भूखंड विकून टाकले. शिवाच्या थोरल्या मुलाने, हरेशने, मात्र विकू दिला नाही. "बाबा, आपन सवता बांधू," असं तो म्हणाला. त्याच्या या हट्टाचं मला आजही कौतुक वाटतं. पाया खणला तेव्हा खड्ड्यात खाडीचं पाणी झिरपून भरलं. मी दोन आठवडे ते उपसत होतो. मग स्लॅब पडला आणि त्यावर पाणी मारायलाही मीच होतो. सहा गाळे उभे राहिले. एकात किराणा आला, एकात औषधांचं दुकान, एकात टायरवाला. गाळ्यांवर पाटी लागली : सत्यवती डेव्हलपर्स. दसऱ्याला शिवाने मला हार घातला आणि हळद-कुंकू लावलं. सत्यवती पाटीकडे बघून लाजली. तिला तेव्हा नुकतीच सही करता यायला लागली होती. आपलं नाव एवढं मोठं लिहिलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

पुढची वर्षं भराभर गेली. सहाचे वीस गाळे झाले. मग हायवेच्या कडेला गोदामं झाली, मग मोटारींची शोरूम, मग तीन मजली ऑफिसची इमारत. धाकटा भावेश शिकून आला आणि रंगीत माहितीपत्रकं छापायला लागला. विमानतळाची बातमी आली तसे मुंबईचे लोक गाड्या घेऊन गाळे बघायला यायला लागले. हरेश उन्हात उभा राहून काम करवून घ्यायचा आणि भावेश एसीत बसून ते विकायचा. दोघं भाऊ मेहनती होते, हे मी नाकारणार नाही. गावातल्या कितीतरी लोकांना त्यांच्यामुळे काम मिळालं. मिठागरावर शिवाच्या हाताखाली राबलेला मिथुन कंपनीचा नळकाम बघणारा माणूस झाला. त्याची मुलगी किशोरी ऑफिसात कामाला लागली. पूर्वी मिथुन शिवाला 'दादा' म्हणायचा. आता सगळ्यांबरोबर तोही 'शेठ' म्हणायला लागला, आणि शिवाने त्याला तसं म्हणू दिलं.

मी मात्र रोडपालीच्या एका शेडमागे पडून होतो. माझ्यावर सिमेंटचे शिंतोडे वाळले. त्याचं मला वाईट वाटलं, पण किळस वाटली नाही. किळस नंतर आली.

सत्यवतीचं माहेर विचुंब्याचं. तिच्या वडलांना दोन मुली, सत्यवती आणि रंभा. मरताना त्यांनी जमिनीचे दोन सारखे भाग करून दोघींच्या नावावर केले. रंभा लवकर विधवा झाली. तिने आपल्या भागात भाजीचे वाफे केले. मेथी, मुळा, लाल माठ, थोडे पांढरे कांदे. मधे एक विहीर. सकाळी ती स्वतः टोपली घेऊन नव्या पनवेलच्या बाजारात बसायची. सत्यवतीच्या भागात तिच्या मुलांनी अकरा मजल्यांची इमारत बांधली आणि नाव दिलं, सत्यवती बिझनेस पार्क. काचेची, निळसर. आत चोपन्न गाळे आणि ऑफिसं. दवाखाने, क्लास, केस कापायची दुकानं, रक्त तपासायची लॅब, दुसऱ्या मजल्यावर खाण्याची सात दुकानं आणि वर लग्नाचा हॉल.

एवढ्या इमारतीचं सांडपाणी तिथेच शुद्ध करायचं, असं नकाशावर लिहिलेलं होतं. तळघरात त्यासाठी टाकी बांधली आणि यंत्राची खोली बांधली. यंत्र आणलं नाही. ती खोली भावेशने दुसऱ्या मजल्यावरच्या एका हॉटेलवाल्याला फ्रीजर ठेवायला भाड्याने दिली. टाकी भरली. भरून वर आली. मग हरेशला माझी आठवण झाली.

माझं डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवली आणि मला टाकीच्या काठावर आणून ठेवलं. मला वाटलं, पुन्हा काम मिळालं. मिथुनने सवयीने कळशी शोधली. तिथे कळशी नव्हती. त्याने टाकीतलंच बादलीभर काढलं आणि माझ्या घशात ओतलं.

मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. आयुष्यभर मी खारं पाणी प्यायलो, गढूळ प्यायलो, सिमेंटचं प्यायलो. पण हे पाणी नव्हतं. संडासांचं, मोऱ्यांचं, त्यात हॉटेलांच्या कढयांतलं जळकं तेल, साईसारखं जाड होऊन तरंगत असलेलं. केसांचे गुंते. कापसाचे बोळे, कशात भिजलेले ते मी सांगत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पुलावाचा आंबलेला भात. हे सगळं मी ओढायचो आणि एका काळ्या पाइपातून भिंतीखालून पलीकडे ढकलायचो. रोज दुपारी दोन ते चार. त्या वेळी वर माणसं जेवून आपापल्या एसीत बसलेली असायची, कोणी खाली येत नसे. मिथुन नाकाला फडकं बांधून बटण दाबायचा आणि रॅम्पवर जाऊन उभा राहायचा. पहिल्या दिवशी त्याला ओकारी झाली. महिन्याभराने तो तिथेच उभा राहून चहा प्यायला लागला. मला त्या चहाची जास्त शिसारी आली.

पाइप जिथे उघडायचा तिथे एक चर होता आणि चर रंभाच्या वाफ्यांना लागून जायचा.

शिवाला हे ठाऊक होतं का, असं तुम्ही विचाराल. ठाऊक होतं. तो एकदा खाली आला होता. पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या. त्याने मला ओळखलं. माझ्या अंगावरच्या जुन्या हिरव्या रंगावर त्याची नजर क्षणभर थांबली. मग त्याने खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि हरेशला म्हणाला, "बाहेरच्या लोकांना खाली सोडू नको." एवढंच बोलून तो लिफ्टने वर गेला. ज्या माणसाने पाणी जिभेवर ठेवून पारखलं, त्याचं हे वाक्य मी ऐकलं.

पहिल्या वर्षी रंभाच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं. दुसऱ्या वर्षी तिच्या पायांना, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, फोड आले. ती चराच्या काठाकाठाने पाइप शोधत आली आणि एका दुपारी थेट तळघरात उतरली. मिथुन तिला अडवू शकला नाही. तिने मला पाहिलं.

"हा भावोजींचा मिठागरावरचा पंप नाय का रे?" तिने विचारलं.

मिथुनने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती थोरल्या बहिणीला घेऊन आली. सत्यवती या इमारतीच्या तळघरात याआधी कधी आली नव्हती. तिच्यासाठी वरच्या मजल्यावर खुर्ची असे. ती टाकीशी उभी राहिली, पदर नाकाला लावला नाही. हरेश आणि भावेश धावत आले.

"हे कुटं जातंय?" तिने विचारलं.

"आई, टेम्पररी आहे," भावेश म्हणाला. "मशीनची ऑर्डर प्रोसेसमध्ये आहे."

"मी ईचारलं, कुटं जातंय?"

रंभाने नुसतं आपलं लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि पाय दाखवले. सत्यवतीने ते बराच वेळ पाहिले.

तिच्या नावावर अजून एक तुकडा होता. इमारतीच्या शेजारचा, रस्त्याला लागून. तिथे दुसरी इमारत बांधायची होती आणि त्यासाठी तिची सही हवी होती. ती हरेशला म्हणाली, "पयलं हे सुधार. मंग सई."

दहा दिवसांत सगळं सुधारलं. फ्रीजर हलले. खोलीत एक नवं यंत्र आलं, दिवे लुकलुकणारं, पारदर्शक नळ्यांचं. सत्यवतीला आणि रंभाला बोलावलं. एका नळीतून स्वच्छ पाणी पडत होतं.

"बघ आई, एकदम क्लिअर," भावेश म्हणाला. "हेच पाणी आता झाडांना वापरणार. मावशी, तुलाही लाइन टाकून देऊ."

सत्यवतीने पाण्याखाली हात धरला. मग तोच ओला हात हरेशच्या डोक्यावरून फिरवला. भावेशने फाइल तयारच ठेवली होती. प्लॅस्टिकच्या स्टुलावर फाइल ठेवून तिने सही केली, प्रत्येक अक्षर सावकाश काढून. रंभा म्हणाली, "पोरं वाईट नायत ग ताय. इसरली व्हती."

मी तिथून चार हातांवर होतो, निळ्या ताडपत्रीखाली. यंत्र भाड्याने आणलेलं होतं. पाणी टँकरचं होतं. शिवा भिंतीला टेकून उभा होता, ताडपत्रीकडे पाठ करून. मिथुनही होता. सगळ्यांना माहीत होतं, त्या दोन बहिणी सोडून.

आठव्या दिवशी यंत्र टेंपोत चढलं. ताडपत्री निघाली. दोन वाजले आणि बादली आली.

मी पुष्कळ घाण पाहिली आहे. पण स्वतःच्या आईचा हात असा डोक्यावर घेणं, याच्याइतकं ओंगळ मी त्या टाकीतही पाहिलं नाही.

रंभाने विश्वासाने पुन्हा वाफे केले. चराचं पाणी आता चांगलं आहे म्हणून तेच घातलं. दीड महिन्याने मेथी आली, हिरवीगार, पानं मोठी. पहिल्या खुडणीच्या जुड्या तिने विकल्या नाहीत. एक मिथुनला दिली. चार थोरल्या बहिणीच्या घरी पाठवल्या, पोरांनी शब्द पाळला म्हणून. मिथुनने त्याची जुडी माझ्यावर आणून ठेवली. घरी नेली नाही. ती माझ्या गरम मोटरवर दोन दिवसांत सुकून गेली. तो तिच्याकडे बघत बसायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी सत्यवती एकटीच रॅम्पवरून उतरली. पंप चालू होता. लपवायला वेळ नव्हता आणि मिथुनने लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"मिथुन," ती म्हणाली, "परवा मी रंभाची मेथी केली. ताटात वाढली. मी खाल्ली, सुनांनी खाल्ली. या तिघांनी हात लावला नाय. हरेशनी नाय, भावेशनी नाय, यांनी पन नाय. तिघांनी ताटाच्या कडंला सारली. मी म्हटलं, का रं, मावशीच्या हातची हाय. कोनी तोंड वर केलं नाय. मी दोन दिवस ईचार करतेय, की का नाय खाल्ली."

मिथुनने बटण बंद केलं. एकदम शांत झालं.

"वयनी, किशोरी वर कामाला हाय," तो म्हणाला. "म्हनून मी गप रायलो."

"तुला नाय बोलत मी," ती म्हणाली. तिने सुकलेली जुडी पाहिली. मग भिंतीला हात धरून ती वाकली आणि तिला मोठी ओकारी झाली. मिथुनने पाणी आणून दिलं. तिने चूळ भरली, तोंड पुसलं आणि जिन्याकडे गेली.

पुढचं मला मिथुनकडून कळलं. ती घरी गेली नाही. पहिल्या मजल्यावरच्या पहिल्या गाळ्यापासून सुरुवात करून तिने एकेक दार वाजवलं. प्रत्येक ठिकाणी तिने एकच गोष्ट सांगितली. "मी सत्यवती. बिल्डिंगवर नाव हाय ती. तुमच्या मोरीचं, संडासाचं पानी माझ्या भैनीच्या भाजीत सोडलंय. माझ्या पोरांनी सोडलंय. तुमी खाली येऊन बघा." काहींनी तिला पाणी विचारलं. काहींना ती भीक मागायला आली आहे असं वाटलं. एकाने वॉचमनला बोलावलं आणि वॉचमनने हात जोडले. तिसऱ्या मजल्यावर अनुया नावाची दातांची डॉक्टर होती. ती म्हणाली, "आजी, आम्ही तर दर महिन्याला सांडपाण्याच्या यंत्राची वर्गणी भरतो."

"यंत्र कुटं हाय ते बघाया चला," सत्यवती म्हणाली.

डॉक्टर पेशंटला थांबवून खाली आली. टाकीत डोकावली आणि तिथे तिला तिच्याच दवाखान्यातले निळे हातमोजे तरंगताना दिसले. तिने फोन काढून फोटो घेतले. मग ती सत्यवतीबरोबर वर गेली. उरलेली दारं दोघींनी मिळून वाजवली. त्याला तीन दिवस लागले. चोपन्नपैकी एकही दार सुटलं नाही.

हरेश तळघरात आईला गाठायला आला होता, तेव्हा मी ऐकलं.

"आई, नव्या इमारतीची बुकिंगं थांबली. आपलंच घर जाळतेस तू. वीस वर्षं लागली मला हे उभं करायला."

"माझं नाव लावून उभं केलंस," ती म्हणाली. "मला ईचारलं पन नव्हतंस. मला वाटलं, पोरगा मान देतोय."

"मग मी काय चूक केली? सगळेच बिल्डर—"

"सगळ्यांची मावशी मेथी पाठवते काय?"

हरेशचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. पण मला कीव आली नाही.

गाळेवाल्यांची सभा झाली. तपासणीला सरकारी माणसं आली. शेवटी खरं यंत्र आलं, विकत घेतलेलं, आणि चर बुजवला. हे सगळं तुम्हाला चांगलं वाटेल. मलाही वाटलं. पण रंभाची माती तपासली तेव्हा त्यात अजून काही वर्षं खायचं काही पिकवू नका, असं सांगण्यात आलं. तिच्या पायांवर डाग राहिले. ती आता बाजारात दुसऱ्यांची भाजी घेऊन बसते.

सत्यवती तिच्याकडेच राहते, भिंतीपलीकडे, दोन खोल्यांत. हरेश गाडी घेऊन न्यायला गेला होता. ती त्याला म्हणाली, "रंभाच्या ईहिरीचं पानी आंघोळीला चालंल त्या दिवशी येईन."

मला भंगारात काढायचं ठरलं त्या दिवशी शिवा रॅम्पच्या वरच्या टोकाला येऊन उभा राहिला. खाली उतरला नाही. मिथुन आणि दोन माणसं मला टेंपोत चढवत होती. शिवाने विचारलं, "मिथुन, ती जेवते का वेळेवर?"

"जाऊन ईचारा ना शेठ," मिथुन म्हणाला. "हितून भिंतीपलीकडं हाय."

शिवाने भिंतीकडे पाहिलं. पन्नास पावलंही नव्हती. मग तो गाडीत बसला आणि गाडी रस्त्याच्या बाजूला वळली. मित्रांनो, मी या माणसाच्या हातून हळद-कुंकू लावून घेतलं होतं. आज त्या हाताची आठवण आली तरी मला नकोसं होतं.

आता माझे तुकडे होतील आणि भट्टीत जातील. त्याचं मला दुःख नाही. आगीने मी स्वच्छ होईन, अशी आशा आहे. तुम्हाला मात्र एक विनंती करतो. तुम्ही शाळेत, घरात, दुकानात, हॉटेलात मोरीचा नळ सोडता आणि पाणी गर्रकन खाली जातं. ते कुठे जातं, हे एकदा विचारा. मोठी माणसं हसतील, 'तुला काय करायचंय' म्हणतील. तरी विचारा. उत्तर मिळालं नाही तर खाली उतरून बघा. त्या इमारतीत रोज हजार माणसं हात धुवत होती, त्यांतली बहुतेक चांगली माणसं होती, आणि दोन वर्षांत त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. शेवटी अडुसष्ट वर्षांच्या, दुखऱ्या गुडघ्यांच्या एका बाईला जिने चढून चोपन्न दारं वाजवावी लागली, आणि प्रत्येक दारात उभं राहून आपल्याच मुलांचं नाव सांगावं लागलं.